पंधरा पिल्ले आणि पितळी पारडे

ज्या वर्षी डॉक्टर पद्मजाबाईंच्या धाकट्या बहिणीचे, हेमलताचे, लग्न झाले, त्या वर्षी मी दिल्लीत आलो. साल १९७३, महिना फेब्रुवारीचा. बाई लग्नाच्या रजेवर होत्या, म्हणून माझी पेटी त्यांच्या टेबलावर चार दिवस तशीच पडून राहिली. पाचव्या दिवशी बाई आल्या त्या लाडवांचा डबा घेऊनच. शिपाई गुणवंत याने पेटीचे खिळे उपसले, आतले गवत बाजूला केले आणि मला टेबलावर उभे केले. मग त्याने डब्यातला एक बुंदीचा लाडू उचलून माझ्या पारड्यात ठेवला.

"बाई, तुमच्या बहिणीच्या लग्नाचा लाडू पंचेचाळीस ग्रॅमचा निघाला."

"आणि जो तुम्ही मघाशी तोंडात टाकला, तो?"

"त्याचं वजन आता मला घेऊनच करावं लागेल."

मित्रांनो, अशी माझ्या कामाची सुरुवात झाली. मी एक जुना तराजू आहे. माझी बैठक लोखंडाची, दांडी पोलादाची आणि दोन्ही पारडी पितळेची. एक पारडे चपटे, वजने ठेवण्यासाठी. दुसरे खोलगट, परातीसारखे, जनावराचे पिल्लू सुखाने बसेल असे. अंबाल्याच्या ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझी दांडी तीन दिवस घासली. शेवटी एका पारड्यात त्याने कागदाचा कपटा टाकला. काटा हलला, तेव्हाच त्याने मला हातावेगळे केले. मला खोटे सांगता येत नाही. यात माझे काही कौतुक नाही, माझी घडणच तशी आहे.

मी ज्या संस्थेत आलो ती मुनिरका गावाच्या पलीकडे, कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, झुडपांच्या मधे होती. छोटी सरकारी संस्था. तिथे कुत्र्यामांजरांच्या आरोग्याचा अभ्यास चाले. त्यांना पिल्ले कशी होतात, गाभणपणी त्यांना काय खायला द्यावे, एवढी पिल्ले जन्मून त्यातली इतकी का मरतात, हे शोधायचे काम. गाईम्हशींसाठी मोठमोठ्या संस्था होत्या. कुत्र्यामांजरांसाठी कोण एवढा विचार करतो? पण पद्मजाबाई करत होत्या.

बाईंचे वय तेव्हा चौतीस. वडील भाऊसाहेब पुण्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले आणि इथलेच झाले. बाई याच शहरात वाढल्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. गुणवंत भंडाऱ्याकडचा. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घोड्यांची देखभाल करायला तो त्यांच्याबरोबर दिल्लीत आला होता. साहेब बदलून गेले, गुणवंत राहिला. तो बाईंपेक्षा चौदा वर्षांनी मोठा होता, म्हणून बाई त्याला अहोजाहो करत आणि खूश असल्या की गुणवंतराव म्हणत. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. आकडे मात्र येत होते.

पहिली चार वर्षे मी फक्त कुत्र्यांच्या पिल्लांचे वजन केले. रोज सकाळी आठ वाजता. गुणवंत एकेक पिल्लू आणून माझ्या पारड्यात ठेवी, समोर वजने मांडी, आणि बाई आकडा वहीत लिहीत. दोनशे सत्तर. दोनशे नव्वद. तीनशे पाच. त्या आकड्यांमधून बाईंनी एक गोष्ट पक्की केली. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचे वजन रोज वाढले पाहिजे आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट झाले पाहिजे. ज्याचे वजन दुसऱ्या दिवशी वाढले नाही, ते वरून कितीही गुटगुटीत दिसो, ते धोक्यात आहे. असे पिल्लू माझ्या पारड्यात सापडले की बाई त्याला आईच्या भरलेल्या सडाशी आधी लावत, गरज पडली तर थेंबाथेंबाने दूध पाजत. मी येण्याआधी तिथे दहातली चार पिल्ले महिन्याच्या आत मरत. चौथ्या वर्षी दहातले एक मरू लागले.

मला त्याचा अभिमान वाटे. अजूनही वाटतो. फरीदाबादहून, लखनौहून माणसे मला बघायला येत. वार्षिक अहवालात माझा फोटो छापला गेला, पारड्यात एक काळे पिल्लू आणि मागे गुणवंताचा अर्धा हात.

एक नियम बाईंचा अगदी कडक होता. पिल्लांचे वजन झाले की पारडे काळ्या फिनाईलच्या फडक्याने पुसायचे. त्यांच्या माहेरी रोज सकाळी फिनाईल टाकून मोऱ्या धुतल्या जात. त्या वासाशिवाय त्यांना जागा स्वच्छ वाटतच नसे.

"गुणवंतराव, वास आला तरच मी पेन उघडीन," त्या म्हणत.

"बाई, एवढा वास आहे की पिल्लू पण नाक मुरडतंय."

"मुरडू दे. जंतू मेले पाहिजेत."

रविवारी बाईंना सुट्टी असे, पण पिल्लांना कसली सुट्टी? रविवारचे वजन गुणवंत एकटाच करी. आकडा लिहायचा, पण तो कोणत्या पिल्लाचा, हे कसे लिहिणार? म्हणून तो आकड्यापुढे पिल्लाचे चित्र काढी. सोमवारी बाई वही उघडत आणि कपाळावर हात मारून घेत.

"हे काय आहे? कुत्रा आहे की इडली?"

"ते पांढरं पिल्लू आहे, बाई. काळ्या कानाचं."

"मला यात कान दिसत नाही."

"कान पानाच्या मागच्या बाजूला गेला."

त्या दिवशी दुपारी, जेवणाचे डबे खाऊन झाल्यावर, बाईंनी त्याच्यापुढे पाटी ठेवली. गुणवंत म्हणाला, "माझं वय अठ्ठेचाळीस. आता शिकून काय कलेक्टर होणार?" बाई म्हणाल्या, "कलेक्टर नको. रविवारची वही मला वाचता आली, तरी पुष्कळ झालं." रोज अर्धा तास. तो मोठ्याने म्हणे, क, का, कि, की, आणि मी शेजारी उभा राहून ऐके. मला आकडे जन्मापासून येतात. अक्षरे मी उशिरा शिकलो, गुणवंताच्या बरोबरीने. वर्षभरात तो 'काळा कान' लिहू लागला. त्याचे अक्षर मोठे होते, ओळीच्या वरखाली जाई. पण एक सवय त्याला लागली. जे वहीत लिहायचे ते खरेच लिहायचे. कधी आकड्याबद्दल शंका आली तर तो पिल्लू दोनदा, तीनदा ठेवी.

१९७७ साली मांजरे आली; तोवर ती फक्त संस्थेच्या कागदांवर होती. धान्याच्या गोदामांत उंदीर फार झाले होते. मांजरांची पैदास नीट कशी होईल, पिल्ले कशी जगतील, याचा अभ्यास करा, असे वरून आले. पाच मांजरी आणल्या. त्यांची खोली वेगळी केली. वजन करायला अर्थातच मी होतो, आणि नियमही तेच होते. बाईंची सगळी पुस्तके कुत्र्यांची होती. मांजर काय, त्याच पद्धतीने होईल, असे सगळ्यांनी धरले.

पहिली मांजर मार्चमध्ये व्याली. चार पिल्ले. शंभर ग्रॅमच्या आसपास एकेक, मुठीत मावतील एवढी. पहिल्या दिवशी अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशे चार, सत्त्याण्णव. दुसऱ्या दिवशी तेवढेच. तिसऱ्या दिवशी चौघांचेही वजन उतरले. तोंडाला लाळ, अंगाला थरथर, दूध ओढायला जोर नाही. बारा मार्चला पहिले मेले. आठवडा संपायच्या आत चारही गेली.

बाईंनी मेलेली पिल्ले उघडून पाहिली. जंतू सापडेना. तरी त्यांना वाटले, काही साथ असणार. त्यांनी नियम आणखी कडक केला. आता पारडे सगळी पिल्ले झाल्यावर नव्हे, तर प्रत्येक पिल्लाच्या आधी फिनाईलने पुसायचे. फिनाईलमध्ये पाणी घालायचे नाही. वजन दिवसातून दोनदा करायचे.

एप्रिलमध्ये दुसरी व्याली. पाच पिल्ले. पाचही मेली. मे महिन्यात तिसरी, चार पिल्ले. चारही मेली.

मी रोज अचूक वजन सांगत होतो. शहाण्णव. एक्याण्णव. पंच्याऐंशी. माझ्याकडे दुसरे सांगण्यासारखे काही नव्हते.

मग एक दिवस संस्थेचे संचालक माथुरसाहेब खोलीत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, जिलेबी नावाच्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, ऊपर से चिट्ठी आई है। सितंबर के आख़िर तक बच्चे नहीं बचे, तो बिल्लियों का काम बंद।"

"और ये बिल्लियाँ, सर?"

"छोड़ देंगे। और क्या।"

ते गेल्यावर बाईंनी वही उघडून मेलेली पिल्ले मोजली. गुणवंताने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. बाई म्हणाल्या, "तेरा पिल्लं. तेरा! माझ्या हाताखाली कुत्र्याची तेरा पिल्लं अशी ओळीने कधी गेली नाहीत." गुणवंताने गार चहाचा कप उचलला. मेलेली पिल्ले कीकरखाली पुरायचे काम त्याचे होते.

जूनमध्ये सुरमई नावाची राखाडी मांजर गाभण होती. एके सकाळी तिचे पोट सपाट दिसले. सड भरलेले, पण पिल्ले कुठेच नाहीत. खोलीच्या जाळीचा एक कोपरा सुटला होता, तिथून ती रात्री बाहेर पडली होती. बाईंनी सगळीकडे शोधले. कपाटांमागे, जिन्याखाली, बागेत.

"गुणवंतराव, सापडली का?"

"नाही, बाई."

"मोरांनी नेली की काय?"

"कोण जाणे."

त्या दिवशी वहीत गुणवंताने लिहिले, 'सुरमई, २४ जून'. पुढे पिल्लांची संख्या आणि वजने यांच्या जागा कोऱ्या. दुसऱ्या दिवशी कोऱ्या. तिसऱ्या दिवशी कोऱ्या. बाई म्हणाल्या, "सापडली नाहीत असं लिहा ना." गुणवंत मान डोलवी आणि लिहीत नसे. मला तेव्हा कळायला हवे होते. तो तोंडाने काहीही बोलेल, पण वहीत खोटे लिहिणे त्याला जमत नव्हते.

जुलैमध्ये जिलेबी व्याली. तीन पिल्ले. एक सोळा तारखेला मेले. दुसरे एकोणीस तारखेला सकाळी मेलेले सापडले. उरले एक, पिवळ्या पट्ट्यांचे, त्याचेही तोंड ओले. बाईंचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता. त्यांनी स्वतःच फडके फिनाईलमध्ये बुडवले, पारडे पुसले, आणि पिल्लू उचलले.

गुणवंताने आपला हात माझ्या पारड्यावर पालथा ठेवला.

"बाई, याला ठेवू नका."

"हात काढा, गुणवंतराव."

"नाही काढणार."

चार वर्षांत तो त्यांना कधी असे बोलला नव्हता. बाईंनी पिल्लू छातीशी धरले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला झालंय काय?"

"जी पारड्यात बसतात ती मरतात, बाई. जी बसली नाहीत ती जगली."

"कोण बसली नाहीत? सगळ्यांचं वजन मी घेतलंय."

गुणवंत म्हणाला, "सुरमईची चार आहेत. भांडारखोलीच्या दुछत्तीवर. मला त्याच दिवशी सापडली होती. मी सांगितलं नाही."

दुछत्ती म्हणजे छताखालचा माळा. बाईंनी असा आवाज चढवला की बाहेरचे कुत्रे भुंकायला लागले.

"पंचवीस दिवस! पंचवीस दिवस तुम्ही माझ्याशी खोटं बोललात? तिकडे काम बंद व्हायची वेळ आली आणि तुम्ही पिल्लं लपवून ठेवलीत?"

"हो."

"का पण?"

"मला ती इथे आणवेनात, बाई. तेरा मी पुरली. अजून चार पुरायला हात वर येईना. मला कारण माहीत नव्हतं. आजही नीट माहीत नाही. पण इथे आणली की मरतात, एवढं दिसत होतं."

बाईंनी शिडी मागवली. साडीचा पदर खोचून स्वतः वर चढल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या पदरात चार राखाडी पिल्ले होती, डोळे उघडलेली, एकमेकांच्या कानांना चावणारी. मागोमाग सुरमई, शेपटी ताठ करून, तक्रार सांगत.

"यांचं वजन तर घ्यायला देणार ना?" बाईंनी विचारले. रागच होता, पण आता त्यात दुसरेही काही होते.

गुणवंताने माझे पारडे काढले, साबणाने धुतले, गरम पाण्याने विसळले, उन्हात वाळवले आणि खांद्यावरचा गमछा घडी करून त्यात अंथरला. मग पिल्लू ठेवले. तीनशे नव्वद. तीनशे पंचाहत्तर. चारशे दहा. तीनशे साठ. बाईंनी ते आकडे कोऱ्या जागांमध्ये आपल्या हाताने लिहिले. त्यांचे पेन दोनदा थांबले.

मग त्यांनी फिनाईलचे फडके उचलून नाकाशी नेले. रोजचाच वास. पण त्या पहिल्यांदाच वास घेत होत्या, असे मला वाटले.

"कुत्र्यांना चार वर्षं काही झालं नाही," त्या हळू म्हणाल्या.

"ते कुत्रे, बाई. या मांजरांचं पाहिलंत ना? पारड्यातून पिल्लू परत ठेवलं, की आईला तो वास खपत नाही. ती त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटते. पिल्लू स्वतःचे पाय चाटतं. चोवीस तास जीभ चालू. जे अंगाला लागलं ते सगळं पोटात."

बाई उठल्या, जिलेबीचे पिवळे पिल्लू कोमट पाण्याने आणि साबणाने धुतले, मऊ फडक्यात गुंडाळले. "याचं वजन आठ दिवस नाही घ्यायचं," त्या म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो. मला राग आला नाही. मला पहिल्यांदा वाटले, बरे झाले मला कुणी हात लावला नाही.

पिवळे पिल्लू जगले. गुणवंताने त्याचे नाव कलेक्टर ठेवले.

त्या आठवड्यात बाई मोठ्या ग्रंथालयात जाऊन मांजरांची पुस्तके शोधत बसल्या. एका जुन्या पुस्तकात दोन ओळी सापडल्या. फिनाईलसारखी औषधे कुत्र्याच्या शरीरातून बाहेर पडतात, मांजराचे शरीर ती नीट बाहेर टाकू शकत नाही. जगाला हे ठाऊक होते. आमच्या खोलीला ठाऊक नव्हते. आमच्याकडे कुत्र्याचे नियम होते, आणि आम्ही मांजरे त्यात बसवली होती.

आता अहवाल लिहायचा होता. माथुरसाहेबांनी बाईंना बोलावले नाही, ते स्वतःच आले.

"मॅडम, लिख दीजिए, इन्फ़ेक्शन था, अब काबू में है। सच लिखेंगी तो आपका नाम ख़राब होगा। पूछेगा कौन?"

"मैं पूछूँगी, सर."

"अच्छा, तो फिर सबूत दीजिए। आधे बच्चे फिनाइल वाले पलड़े में, आधे साफ़ पलड़े में। तब मानेंगे।"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सर, पंद्रह बच्चों का सबूत मेरे पास है। सोलहवाँ मैं नहीं मारूँगी।"

माथुरसाहेब टोपी घालून दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ठीक है। सितंबर तक साफ़ पलड़े में ही तौलिए। देखते हैं।"

बाईंनी अहवालात सगळे खरे लिहिले. 'पंधरा पिल्ले आमच्या हाताने मेली, फिनाईलचा नियम माझा होता,' असे लिहिले. गुणवंताने पिल्ले लपवली तेही लिहिले, आणि त्याच्या लपवण्यामुळेच कारण सापडले तेही.

सप्टेंबरअखेरपर्यंत त्यातल्याच दोन मांजरी पुन्हा व्याल्या. नऊ पिल्ले. रोज सकाळी गरम पाण्याने धुतलेले, फ्लॅनेलचा तुकडा अंथरलेले पारडे. एक पिल्लू जन्मतःच साठ ग्रॅमचे होते, ते गेले. बाकीची आठ जगली. मांजरांचे काम बंद झाले नाही. उलट पुढल्या वर्षी दोन नव्या खोल्या मिळाल्या. बाईंच्या अहवालाची प्रत देशभरच्या संस्थांना गेली. काही लोक हसले, की एवढी शिकलेली बाई आणि फिनाईलने मांजरे मारली. पण ज्यांच्याकडे मांजरे होती, त्यांनी फिनाईलचे डबे हलवले.

मांजरांच्या खोलीच्या दारावर गुणवंताने खडूने लिहिले, 'बिल्ली के कमरे में फिनाइल मना है'. खडू पुसला गेला की पुन्हा लिही. अक्षर तेच, मोठे आणि वरखाली जाणारे. शेवटी बाईंनी त्याच्याच अक्षरात रंगाने पाटी करून घेतली.

त्यानंतर मी आणखी अकरा वर्षे काम केले. किती पिल्ले माझ्या पारड्यात बसली, ते वह्यांना माहीत. १९८८ साली बटणाचा नवा काटा आला. तो क्षणात आकडा दाखवी, दशांशासकट. मला भांडारखोलीत ठेवले. माझ्या चपट्या पारड्यात कुणीतरी टाचण्या ठेवल्या, खोलगटात चहाचे ग्लास. दांडीवर गंज चढला. माझी तक्रार नव्हती. तराजूचे काम खरे सांगण्याचे, आणि ते आता दुसरा करत होता.

पुढे संस्थेच्या दालनात जुन्या वस्तू मांडायच्या ठरल्या. मला घासून काचेच्या कपाटात ठेवले. शाळेची मुले बघायला येऊ लागली. तुमच्यासारखीच. माझ्याखाली एक पट्टी लावली आहे, 'या तराजूने हजारो पिल्लांचे प्राण वाचवले.' मित्रांनो, ते खरे आहे. पण ते पुरते खरे नाही, म्हणून हे सगळे सांगितले. मी पुष्कळ पिल्ले वाचवली, आणि मी पंधरा मारलीही. दोन्ही माझ्याच पारड्यात घडले.

तुमच्या घरात मांजर असेल, तर फरशी पुसताना काळे फिनाईल वापरू नका, साबण आणि गरम पाणी पुरते. कुत्र्याला चालते म्हणून मांजराला चालेल, असे धरून चालू नका. एखादे जनावर तुमच्या चांगल्या हेतूनेच आजारी पडत असेल, तर आधी आपल्या हाताकडे बघा, त्याला काय लागले आहे ते बघा. आणि तुमच्या घरी, तुमच्या शाळेत, कमी शिकलेला कुणी म्हणाला की थांबा, हे करू नका, तर त्याचा हात बाजूला सारण्याआधी त्याचे कारण विचारा. त्याला ते नीट सांगता आले नाही, तरी विचारा.

सुरमई म्हातारी होऊन १९८८ च्या ऑगस्टमध्ये मेली. गुणवंत मुनिरक्यातल्या आपल्या खोलीत ११ फेब्रुवारी १९९२ रोजी वारला, सदुसष्टाव्या वर्षी. पद्मजाबाई ३ डिसेंबर २०११ रोजी वारल्या. पहिल्या मांजरीची चार पिल्ले १२ ते १७ मार्च १९७७ या दिवसांत मेली, दुसरीची पाच एप्रिलमध्ये, तिसरीची चार मे महिन्यात. जिलेबीचे पहिले पिल्लू १६ जुलैला मेले, आणि दुसरे १९ जुलैला सकाळी. त्या पंधरांना नावे ठेवायला वेळ मिळाला नव्हता.